आकाशाचा षड्ज

लंडन शहराच्या उत्तरेस हॅम्पस्टेड नावाची एक टेकडीवरची वस्ती आहे. आज ती शहरात सामावून गेली आहे; परंतु दोनशे वर्षांपूर्वी ते एक निराळे खेडे होते आणि लंडनच्या कोळशाच्या धुरापासून दूर, उंचावर, मोकळ्या हवेत वसलेले होते. १८२१ आणि १८२२ या दोन वर्षी, उन्हाळ्यात व शरदात, तेथल्या माळावर पंचेचाळिशी गाठलेला एक गृहस्थ रंगांची पेटी घेऊन बसलेला दिसे. त्याची नजर झाडांवर नसे, वाटेने जाणाऱ्या माणसांवर नसे. ती वर लागलेली असे. तो ढग काढीत असे. कागदावर, तैलरंगात आणि झपाट्याने. कारण ढग कोणासाठी थांबत नाही. चित्र झाले की पुष्कळदा कागद उलटा करून मागे तो टिपण ठेवी. तारीख कोणती, किती वाजले, वारा कोणत्या दिशेचा, ऊन कसे होते, पाऊस होऊन गेला की यायचा आहे, हे सारे त्यात असे. वैद्याने रोग्याची नाडी पाहून टिपण ठेवावे, तसाच हा प्रकार होता.

या गृहस्थाचे नाव जॉन कॉन्स्टेबल. इंग्लंडच्या निसर्गचित्रकारांत टर्नरच्या जोडीने ज्याचे नाव घेतात, तोच हा. गाणे शिकवणाऱ्या माणसाला त्या टिपणांचे फारसे नवल वाटत नाही. भैरव पहाटेचा, मारवा मावळतीचा, हे आपल्या अंगी इतके मुरलेले असते की वेळ चुकली तर स्वर बरोबर लागूनही राग उपरा वाटतो. ढगालाही त्याची वेळ असते हे कॉन्स्टेबलने ओळखले होते. परंतु ही ओळख त्याला कोठून झाली, आणि तिच्यापायी त्याच्या वाट्याला काय आले, ते समजून घेण्यासारखे आहे.

कॉन्स्टेबलचा जन्म ११ जून १७७६ रोजी, सफोक परगण्यातील ईस्ट बर्गहोल्ट या गावी झाला. वडील गोल्डिंग कॉन्स्टेबल हे धान्याचे मोठे व्यापारी. स्टूर नदीवर फ्लॅटफर्ड आणि डेडहॅम येथे त्यांच्या पाणचक्क्या होत्या आणि गावच्या माळावर पवनचक्की होती. थोरल्या मुलाच्या हातून धंदा चालण्यासारखा नव्हता, म्हणून या दुसऱ्या मुलाला चक्कीवर बसवण्यात आले. सुमारे वर्षभर त्याने ते काम केले. पवनचक्कीवर काम करणाऱ्याला आकाशाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. वारा फिरला की पाती फिरवावी लागतात, वादळाचे चिन्ह दिसले की कापड उतरवावे लागते, वारा पडला की दळण थांबते. ढगाची चाल ओळखणे ही तेथे कविकल्पना नव्हे, पोटाचा प्रश्न असतो. शाळेत न मिळणारे हे शिक्षण जॉनला चक्कीवर मिळाले. पुढे अनेक चित्रकारांनी चक्क्या रंगवल्या. पण या वाऱ्यात ही चक्की फिरेल की नाही हे सांगता येण्याइतकी समज त्याच्याजवळ होती.

मन मात्र चित्रकलेकडे ओढ घेत होते. धाकटा भाऊ एब्रम पुढे धंदा सांभाळण्याजोगा झाला. वडिलांनी नाखुषीनेच परवानगी दिली आणि १७९९ साली तेविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर जॉन लंडनला रॉयल अकॅडमीच्या चित्रशाळेत दाखल झाला. १८०२ मध्ये एका लष्करी विद्यालयात चित्रकला शिकवण्याची नोकरी त्याला मिळण्यासारखी होती. अकॅडमीचे अध्यक्ष बेंजामिन वेस्ट यांनी ती घेऊ नये असा सल्ला दिला आणि त्याने तो मानला. याच वेस्ट यांनी त्याला एक गुरुमंत्र दिला होता. उजेड आणि सावली कधी एका जागी ठरत नाहीत, हे चित्र काढताना विसरू नये, असा त्याचा आशय होता. शिष्याने हे बोल गाठीस बांधले.

त्या काळी निसर्गचित्रे गावी पाहून नव्हे, तर जुन्या उस्तादांची चित्रे पाहून काढण्याचा प्रघात होता. जुन्या चित्रांवरचे रोगण काळवंडून सारे तपकिरी झालेले असे, आणि तोच तपकिरी रंग घरंदाज समजला जाई. सर जॉर्ज ब्यूमाँट हे मोठे रसिक आणि कॉन्स्टेबलचे हितचिंतक. जुन्या क्रेमोना व्हायोलिनच्या लाकडाचा जो रंग, तोच चित्राचा मुख्य रंग असावा, असे त्यांचे मत होते. कॉन्स्टेबलने वाद घातला नाही. एक जुने व्हायोलिन घेतले आणि घरासमोरच्या हिरव्या गवतावर आडवे ठेवून दिले. पाहणाऱ्याने पाहून घ्यावे! ही आठवण त्याचा मित्र आणि चरित्रकार चार्ल्स लेस्ली याने नोंदवून ठेवली आहे. वाद्य वाजवण्यासाठी असते, गवत हिरवे असते, आणि परंपरेचा मान ठेवायचा तो डोळे मिटून नव्हे, एवढे त्या मूक उत्तरात आले.

१८०९ पासून त्याच्या आयुष्यात दुसरी एक प्रतीक्षा सुरू झाली. मरिया बिकनेल ही ईस्ट बर्गहोल्टचे धर्मोपदेशक डॉ. रड यांची नात. जॉनने तिला लहानपणी पाहिले होते. आता दोघांचे मन जुळले. परंतु चक्कीवाल्याचा मुलगा, त्यातून चित्रे काढणारा, हा जावई आजोबांना मुळीच पसंत नव्हता. नातीला वारसा न देण्याची धमकीही झाली. पत्रव्यवहारावर सात वर्षे गेली. १८१६ च्या मे महिन्यात जॉनचे वडील वारले आणि वाट्याला आलेल्या उत्पन्नाने संसार थाटण्याचे धैर्य आले. २ ऑक्टोबर १८१६ रोजी लंडनच्या एका चर्चमध्ये विवाह झाला. तो लावला जॉन फिशर या धर्मोपदेशक मित्राने. त्याच्याच समुद्रकाठच्या घरी नवदांपत्य काही आठवडे राहिले. ते वर्ष युरोपात उन्हाळा न आलेले वर्ष म्हणून ओळखले जाते. आदल्या वर्षी पूर्वेकडच्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला होता, आणि त्याच्या धुळीने उन्हाची ऊब कमी होऊन पिके बुडाली होती. विवाहापूर्वी सात वर्षे वाट पाहिलेल्या या जोडप्याला सुख मिळाले ते अशा थंड वर्षाच्या शेवटी.

मरियाची प्रकृती नाजूक होती. छातीची तक्रार होती. लंडनचा धूर तिला मानवत नव्हता. १८१९ पासून कॉन्स्टेबल कुटुंब उन्हाळ्यात हॅम्पस्टेडला घर घेऊन राहू लागले ते चित्रांसाठी नव्हे, तिच्यासाठी. हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे ती ढगांची चित्रे निराळी दिसू लागतात. ज्या हवेचा तो अभ्यास करीत होता, तीच हवा तो पत्नीच्या श्वासासाठी शोधीत आला होता. आज वारा कोठला, हवा कोरडी की दमट, हे प्रश्न चित्रकाराचे होते आणि घरच्या कर्त्या माणसाचेही होते.

आता त्या अभ्यासाविषयी. १८२१ च्या वसंतात त्याने रॉयल अकॅडमीत एक सहा फुटी चित्र मांडले. फ्लॅटफर्डच्या उथळ पाण्यात उभी असलेली गवताची रिकामी गाडी, डावीकडे एक शेतघर, पलीकडे कुरण आणि वर ढगांनी भरलेले आकाश. जग त्याला 'द हे वेन' म्हणून ओळखते. पण कॉन्स्टेबलने दिलेले नाव होते 'निसर्गदृश्य : मध्यान्ह'. म्हणजे चित्राच्या नावातच त्याने वेळ घातली होती! लंडनात त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. त्याची आकाशे फार पुढे येतात, आकाश कसे मागे टांगलेल्या पांढऱ्या चादरीसारखे गप्प असावे, असा उपदेश त्याला होत असे. त्याचे म्हणणे नेमके उलट होते, आणि ते त्याने त्या शरदात फिशरला पत्राने कळवले. आकाश हा चित्राचा पाया धरण्याचा स्वर आहे, भावना तेथून उपजते आणि मोजमापही तेथूनच ठरते, असा त्याचा भावार्थ होता. संगीताची उपमा त्याची स्वतःचीच आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर त्याने आकाशाला षड्ज मानले. तंबोरा मागे बसून वाजतो म्हणून तो गौण होत नाही. तो बेसूर लागला की पुढचे सारे गाणे फसते.

षड्ज पक्का करायचा तर रियाज हवा. हॅम्पस्टेडचे ढग म्हणजे हा रियाज होय. १८२१ च्या पुष्कळ चित्रांत खाली झाडांचे शेंडे आहेत. १८२२ मध्ये बहुतेक जमीन सुटली आणि नुसते आकाश उरले. त्या ऑक्टोबरपर्यंत पन्नासएक अभ्यासचित्रे झाल्याचे त्याने फिशरला कळवले होते. ती विकण्यासाठी नव्हती, भिंतीवर लावण्यासाठी नव्हती. पहाटे उठून पलटे घोटणारा विद्यार्थी काही ते मैफलीत गाऊन दाखवीत नाही.

याच सुमारास ढगांना नावेही नव्यानेच मिळाली होती. ल्यूक हॉवर्ड नावाचा लंडनचा एक औषध-व्यावसायिक. त्याने १८०२ च्या डिसेंबरात एका लहानशा विज्ञानमंडळात निबंध वाचला आणि ढगांचे प्रकार पाडून त्यांना लॅटिन नावे दिली. सिरस म्हणजे पिसाऱ्यासारखे तंतुमेघ, क्युम्युलस म्हणजे कापसाच्या राशीसारखे ढग, स्ट्रेटस म्हणजे थराथरांचे आणि निंबस म्हणजे पावसाचे. जी वस्तू क्षणात बदलते तिलाही नियम असतात, हे त्याने दाखवले. थॉमस फॉर्स्टर या लेखकाने आपल्या हवामानविषयक ग्रंथात ही पद्धत समजावून सांगितली. त्या ग्रंथाची कॉन्स्टेबलची स्वतःची प्रत उपलब्ध आहे आणि तिच्या समासात त्याने ठिकठिकाणी शेरे मारले आहेत. कोठे पटले नाही तेथे तसेही लिहिले आहे. एका आकाशचित्रावर तर 'सिरस' हा शब्दच आढळतो. पण नावे शिकला म्हणून त्याचे ढग पाठ्यपुस्तकातले झाले नाहीत. रागाचे आरोह-अवरोह पाठ असणे निराळे आणि राग उभा करणे निराळे.

लोकांना मात्र आकाश स्वच्छ हवे असे. फिशरचे चुलते सॉल्झबरीचे बिशप होते. त्यांनी आपल्या कॅथीड्रलचे चित्र मागवले. १८२३ मध्ये ते झाले, पण उंच मनोऱ्यामागे कॉन्स्टेबलने काळसर ढग आणला होता. बिशपसाहेबांना तो रुचेना. पुढे उजळ आकाशाचे दुसरे चित्र त्याला करावे लागले. आश्रयदात्याची मर्जी आणि कलावंताचा स्वर यांमधली ही ओढाताण ज्या घराण्यांनी दरबार पाहिले आहेत त्यांना समजावून सांगायला नको.

दाद आली ती परक्या मुलखातून. अ‍ॅरोस्मिथ नावाच्या पॅरिसच्या व्यापाऱ्याने 'द हे वेन', दुसरे एक मोठे चित्र आणि एक लहान चित्र मिळून २५० पौंडांना घेतली आणि १८२४ च्या पॅरिस प्रदर्शनात मोठी दोन्ही झळकली. फ्रान्सच्या राजाने सुवर्णपदक दिले. देलाक्रुआसारख्या तरुण चित्रकाराने ती पाहून आपल्या तयार चित्रावर पुन्हा हात फिरवला, असे कलेच्या इतिहासात नमूद आहे. कॉन्स्टेबल स्वतः पॅरिसला गेला नाही. इंग्लंडबाहेर त्याने आयुष्यात कधी पाऊल टाकले नाही.

त्याची धाव दुसरीकडे होती. १८२४ पासून मरियाला समुद्राच्या हवेसाठी ब्रायटनला नेणे-आणणे सुरू झाले. तेथेही त्याने आकाश सोडले नाही. समुद्रावर कोसळणाऱ्या पावसाचे एक लहान चित्र त्याने काढले आहे. त्यात काळ्या सरी कुंचल्याच्या चारदोन फटकाऱ्यांनी आभाळातून पाण्यावर ओढल्या आहेत. मुले सात झाली. धाकटा लायनेल १८२८ च्या जानेवारीत जन्मला. मार्चमध्ये मरियाचे वडील वारले आणि २०,००० पौंडांचा वारसा आला. आयुष्यभराची पैशाची विवंचना मिटली; पण ज्या हवेसाठी हॅम्पस्टेडला घर केले ती उपयोगी पडली नाही. २३ नोव्हेंबर १८२८ रोजी मरिया क्षयाने गेली. विवाहानंतरचा सहवास बारा वर्षांचा ठरला. कॉन्स्टेबलने अंगावर चढवलेला काळा पोशाख पुढे उतरवला नाही.

१८२९ च्या फेब्रुवारीत, बावन्नाव्या वर्षी, रॉयल अकॅडमीने त्याला पूर्ण सभासद करून घेतले, तेही अवघ्या एका मताने. टर्नर त्याच्यापेक्षा एक वर्षाने मोठा. त्याला हा मान सत्तावीस वर्षे आधी मिळाला होता. ज्या माणसाला तो आनंद सांगायचा, ते माणूस घरात उरले नव्हते. त्या वर्षी त्याने 'हॅडली कॅसल' हे चित्र मांडले. थेम्सच्या मुखापाशी पडका बुरूज, खाली एकटा धनगर आणि फाटलेल्या ढगांतून समुद्रावर पडलेला उजेड. तेथले दृश्य त्याने पंधरा वर्षांपूर्वी रेखाटून ठेवले होते; आता त्याला आकाश मिळाले. हवामान तेच, पण त्यात माणसाचे दुःख उतरले. ढगांचा हिशेब ठेवून हात तयार झाला होता, म्हणूनच ते दुःख भडक न होता खरे उतरले, असे म्हणावेसे वाटते.

१८३१ मध्ये त्याने सॉल्झबरीचे कॅथीड्रल कुरणापलीकडून रंगवले. गडद मेघ, मनोऱ्याजवळ वीज आणि सर्वांवरून गेलेले मोठे इंद्रधनुष्य असे ते चित्र आहे. अलीकडे हवामानशास्त्रज्ञ जॉन थॉर्न्स यांनी सूर्याची दिशा तपासून दाखवले की त्या देखाव्यात त्या जागी असे इंद्रधनुष्य पडणे शक्य नाही. कमानीचे टोक ज्या घरावर टेकते ते मित्र फिशरचे घर. फिशर १८३२ च्या ऑगस्टमध्ये वारला, आणि हे इंद्रधनुष्य त्याच्या स्मरणार्थ मागाहून घातले असावे असा त्यांचा निष्कर्ष आहे. मोठ्या गवयाने अखेरीस एखादा वर्ज्य स्वर घ्यावा आणि तो शोभावा, तसे हे झाले. ज्याने आयुष्यभर नियम पाळला, त्यालाच तो एकदा मोडण्याचा अधिकार असतो.

अखेरच्या वर्षांत त्याने निसर्गचित्रणाच्या इतिहासावर व्याख्याने दिली. १८३६ ची व्याख्याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये झाली. डेव्ही आणि फॅरडे यांच्या प्रयोगांनी गाजलेल्या या संस्थेत त्याने असा विचार मांडला की चित्रकला हे एक शास्त्र आहे, निसर्गाच्या नियमांचा तो शोध आहे, आणि मग चित्रांना प्रयोग का म्हणू नये? हे बोलणे सभेपुरते नव्हते. तारीख-वार घातलेले त्याचे प्रयोग घरी रचून ठेवलेले होते.

३१ मार्च १८३७ च्या रात्री तो अकस्मात वारला. वय साठ. हॅम्पस्टेडच्या चर्चच्या आवारात, मरियाशेजारी त्याला ठेवण्यात आले. अखेरपर्यंत जे चित्र हाती होते त्याचे नाव 'अरंडेल मिल अँड कॅसल'. चक्कीपासून निघालेला माणूस शेवटी चक्कीपाशीच आला.

त्याचा मुलगा चार्ल्स ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारात शिरला आणि इराणी आखाताच्या मोजणीच्या कामी त्याने नाव मिळवले. बापाने वारा पाहिला तो पवनचक्कीवर, मुलाने जहाजावर. पण वडिलांचा खरा ठेवा जपला तो मुलगी इझाबेल हिने. तिने १८८८ साली उरलेली चित्रे आणि रेखाटने लंडनच्या संग्रहालयांना देऊन टाकली, आणि बापाचा पुष्कळसा रियाज अशा रीतीने लोकांच्या नजरेस आला. पुढे अभ्यासकांनी त्याच्या टिपणांतले दिवस आणि वेळा हवामानाच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहिल्या. पुष्कळ ठिकाणी त्या जुळल्या.

ही जुळणी मला त्याच्या सुवर्णपदकापेक्षा मोठी वाटते. माणूस निसर्गाकडे काही मागण्यासाठी जातो. दळणासाठी वारा मागतो, पत्नीसाठी निर्मळ हवा मागतो. मागितलेले मिळतेच असे नाही. मरियाला मिळाले नाही. तरीही तो वर पाहत राहिला, जे होते तेच लिहीत राहिला. निराशेपायी त्याने ढग काळा केला नाही, की आशेपायी पांढरा केला नाही. आणि एकदाच खोटे बोलला ते मित्राच्या घरावर इंद्रधनुष्य टेकवण्यासाठी. आपल्याकडे मृगाचा पहिला ढग येईल तेव्हा अंगणात क्षणभर उभे राहून, किती वाजले आणि वारा कोठला, एवढे जरी कोणी पाहिले, तरी हॅम्पस्टेडच्या त्या गृहस्थाची थोडी ओळख पटेल.